जाईचे दिवस

मराठीत कुत्रीला कुत्री म्हणायची मोठी पंचाईत आहे. तो शब्द आपण भांडणासाठी राखून ठेवलाय. त्यामुळे माझ्याकडे येणारी मराठी मंडळी ‘आमची मुलगी’, ‘आमची छकुली’ आणि अगदीच अडलं तर ‘ही फीमेल’ असं म्हणत. ती फीमेल माजावर आली की पंचाईत दुप्पट. “डॉक्टर, तिचं ते सुरू झालंय.” ते म्हणजे काय, ते मी ओळखायचं. डच लोकांना हा त्रास नाही. आमची कुत्री ‘लोप्स’ आहे, म्हणजे माजावर आहे, असं ते भरल्या वेटिंग रूममध्ये खणखणीत आवाजात सांगतात आणि शेजारचा म्हातारा पेपरातून मान वर करून “अरे वा” म्हणतो.

मी पशुवैद्य. मुंबईत शिकले तेव्हा अभ्यासक्रम सगळा गाई-म्हशींचा, कुत्री तोंडी लावण्यापुरती. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे, डच मुलखात आले, तर माझी पदवी इथे चालेना. डच भाषा, परीक्षा, पुन्हा परीक्षा यांत उमेदीची वर्षं गेली. तोवर मी दुसऱ्या डॉक्टरांसाठी टेबलावर कुत्री धरून ठेवायचं काम केलं. त्या वर्षांची हळहळ अजून वाटते, खोटं कशाला बोलू? पुढे रायस्वाइकमधल्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागले आणि कुत्र्यांच्या पैदाशीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ते इतर कोणालाच नको होतं. कुत्री कधी माजावर येईल याचा नेम नसतो आणि नेम नसलेल्या गोष्टीचं डच माणसाला वावडं. इथे सख्ख्या बहिणीकडे कॉफीला जायचं तरी आधी डायरी बघतात.

मला मात्र ते काम आवडलं. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत आवडत राहिलं. आईला ते कधी नीट सांगता आलं नाही, एवढंच. “आमची सुनंदा तिकडे डॉक्टर आहे,” असं शेजारणींना सांगून ती विषय बदलायची. माझ्या माहेरी, मिरजेला, आम्हा मुलींना महिन्याचे ते दिवस मागच्या खोलीत काढावे लागत. कॉलेजात असताना एकदा सुट्टीत घरी गेले, तर प्रजननशास्त्राचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन मी त्याच खोलीत बसले होते आणि आई दाराबाहेरून ताट सरकवत होती. 

आता धंद्याचं थोडं सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. कुत्र्यांची पिल्लं हवी असणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: कितव्या दिवशी न्यायची? जणू काही रेल्वेचं तिकीटच काढायचंय. कुत्री सहसा वर्षातून दोनदा माजावर येते असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण कुत्रीने ते पुस्तक वाचलेलं नसतं. जर्मन शेफर्ड कधी कधी आधीचा माज विसरायच्या आत पुन्हा येते. आफ्रिकेतली बसेंजी नावाची एक जात आहे, ती वर्षातून एकदाच येते, लांडग्यासारखी. एक पूडल माझ्याकडे यायची, इतकी टापटिपीची की स्वतःला चाटून पुसून लख्ख ठेवायची. मालकिणीला रक्ताचा एक थेंब कधी दिसला नाही. ती माजावर आहे हे तिला कळायचं ते शेजारचा बीगल दारात धरणं धरून बसला की. काही जणी सुरुवात करतात, चार दिवसांत थांबतात, आणि आपण आशा सोडली की काही आठवड्यांनी खरा माज करतात.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो रक्ताचा. माणसाच्या बाईवरून लोक कुत्रीचा अंदाज बांधतात आणि फसतात. बाईचं बीज बाहेर पडतं ते दोन पाळ्यांच्या मधे. कुत्रीत रक्तस्राव आधी येतो. तो नुसती वर्दी असते. रक्त गडद असतं तोवर ती नराला जवळ फिरकू देत नाही. ते फिकट होत जातं, पाण्यासारखं होतं, कधी थांबतं, तेव्हा तिची खरी वेळ जवळ येते. बीज बाहेर पडलं तरी लगेच उपयोगाचं नसतं, ते पिकायला आणखी दोन दिवस लागतात. आणि ही वेळ कुणाची लवकर येते, कुणाची फार उशिरा. म्हणून रक्तातलं एक संप्रेरक पुन्हा पुन्हा तपासायचं, काचेवर पेशी बघायच्या आणि कॅलेंडर खुंटीला टांगायचं. मी प्रत्येकाला एकच सांगत असे: पहिल्या दिवशी कळवा. पुढचं मी बघते.

जाईच्या घरच्यांनाही मी हेच सांगितलं होतं.

जाई ही स्टाबाय जातीची, काळीपांढरी, उत्तरेकडच्या फ्रिसलंडमधल्या जुन्या शेतकऱ्यांची जात. जगात फार उरलेली नाहीत. तिची पैदास करणाऱ्या टिनेकेबाई हूफडॉर्पच्या पलीकडे पोल्डरमध्ये, म्हणजे पाणी हटवून केलेल्या सपाट शेतजमिनीत राहत. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे गेलेले, पण आवाज शाबूत. आईकडून आलेलं कुत्र्यांचं एक घराणं त्यांनी जन्मभर सांभाळलं होतं. वयामुळे घरात जास्त कुत्री ठेवणं जमेना, म्हणून त्यांनी जाईला एका कुटुंबात दिलं होतं. इथे तशी पद्धत आहे. कुत्री त्या घरी राहते, त्यांचीच होते, फक्त पिल्लांच्या वेळी पैदासकाराकडे परत येते. मला ही पद्धत ऐकताक्षणी कळली होती. सासरी नांदायचं आणि बाळंतपणाला माहेरी यायचं, यात आपल्याला नवीन काय?

जाईचं सासर म्हणजे रायस्वाइकमधले सायली आणि अमेय. दोघं पुण्याचे, दोघं आयटीतले. सायलीचं ऑफिस रॉटरडॅमला, अमेयचं हूफडॉर्पला. जाईवर दोघांचा इतका जीव की तिच्या वाढदिवसाला सायली सुट्टी घ्यायची. अडचण एकच होती. जाई माजावर यायची ती जवळजवळ वर्षाने. पहिल्या वेळी ती फार लहान होती, दुसऱ्या वेळी तिच्या खुब्याची तपासणी झालेली नव्हती, तिसऱ्या वेळी तिने अर्ध्यावर सोडलं. पहिलं बाळंतपण ठरावीक वयाच्या आत झालं नाही, तर त्या कुत्रीला पुढे पैदाशीची परवानगी मिळत नाही. जाईच्या बाबतीत येणारा माज हा शेवटचा होता. टिनेकेबाईंची बाकीची कुत्री म्हातारी झालेली. जाईला पिल्लं झाली नाहीत तर ते घराणं तिच्यापाशी संपणार होतं. टिनेकेबाई हे रडून सांगत नसत. एकदा माझ्याकडे कॉफी पिताना म्हणाल्या, “सुनंदा, मला मूलबाळ नाही. मी मेल्यावर माझ्यासारखं नाक असलेलं कोणी नसेल, त्याचं मला काही नाही. पण माझ्या आईच्या कुत्र्यासारखं नाक असलेलं कोणीतरी हवं.”

त्या वर्षी सायलीला कामासाठी जर्मनीत जावं लागलं आणि त्याच सुमारास अमेयची आई, शैलजाकाकू, पुण्याहून आल्या. अमेयने जाईच्या आधीच्या तारखांवरून पुढची तारीख काढून फोनमध्ये आठवण लावून ठेवली होती. तिला अजून महिना होता. काकूंना जाईचं खाणं, फिरणं, औषधं, सगळं समजावून झालं होतं. हे एक सोडून. नंतर मी अमेयला विचारलं, तर तो जमिनीकडे बघत म्हणाला, “आईला हे कसं सांगायचं? आणि डेट तर नेक्स्ट मंथची होती ना.”

जाईने तारखेची वाट बघितली नाही. सुरू झालं त्या पहिल्याच सकाळी काकूंनी फरशीवर डाग बघितला आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. त्यांनी आवाज न करता फरशी पुसली. जाईची चटई दिवाणखान्यातून उचलून मागच्या दाराशी टाकली. स्वयंपाकघरात देव्हारा, म्हणून तिकडचं दार बंद. पाण्याचं भांडं वेगळं. दुरून खाणं सरकवायचं. फिरायला न्यायचं ते घराच्या मागच्या बाजूने, पट्टा लावून, कोणी नसेल तेव्हा. अमेयने विचारलं, जाई तिकडे का बसलीये, तर म्हणाल्या, “तिला तिथे बरं वाटतं.” मुलाशी असलं काही बोलायचं नसतं, आणि परमुलखात कामावर गेलेल्या सुनेला फोन करून काय सांगायचं? डाग लागायचे बंद झाल्यावर एका सकाळी त्यांनी जाईला शिकेकाईने न्हाऊ घातलं, चटई धुतली आणि सुटलो म्हणून चहा घेतला.

सायली त्याच दुपारी परतली. जाईला कुशीत घेतलं तर शिकेकाईचा वास. अमेय जाईला मोकळ्या मैदानावर न्यायला निघाला होता, तिथे संध्याकाळी साऱ्या रायस्वाइकची कुत्री सुटलेली असतात.

“आई, आज अंघोळ कशी घातलीत हिला?”

“अगं, दिवस झाले ना तिचे. आता जाऊ दे की कुठेही.”

सायली माझ्याशी फोनवर धड बोलू शकत नव्हती. “डॉक्टर, मिस झालं. पूर्ण मिस झालं. टिनेकेला मी काय तोंड दाखवू?” मी विचारलं, मैदानावर गेली का? नाही म्हणाली. म्हटलं, तिचा पट्टा सोडू नका, आणि सगळे इकडे या. काकूंनाही आणा.

काकू आल्या त्या नऊवारी नेसल्यासारख्या ताठ, खरं तर होती पाचवारी, वर मुलाचं जॅकेट आणि पायांत स्पोर्ट्स शूज. चेहरा उतरलेला. गाडीत बोलणी झाली होती हे उघड होतं. मी जाईला टेबलावर घेतलं आणि काकूंना विचारलं, कधीपासून होतं, कसं होतं? त्यांनी आधी मुलाकडे बघितलं.

“अमेय, तू जरा बाहेर जा.”

“आई, मी चाळीस वर्षांचा आहे.”

“म्हणूनच जा.”

तो गेल्यावर त्यांनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं. आधी गडद होतं, मग फिकट, काल नुसतं पाणी. “माझ्यामुळे मुकी बिचारी निपुत्रिक राहिली का हो?” असं म्हणून त्या पदराने डोळे टिपायला लागल्या. सायलीचा राग तिथेच अर्धा उतरला. तिने सासूला खुर्ची दिली.

मी काचेवर नमुना घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माजाच्या सुरुवातीला या पेशी गोल, टपोऱ्या दिसतात. वेळ जवळ आली की चपट्या होतात, कडा दुमडतात, अगदी पातळ पोह्यांसारख्या. मी हे चित्र असंख्य वेळा बघितलं आहे, पण त्या दिवशी ते पोहे बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. रक्ताचा निकाल आला. संप्रेरक नुकतं कुठे चढायला लागलं होतं.

“वेळ गेलेली नाही,” मी म्हटलं. “यायची आहे. आणि काकू, तुम्ही तिला वेगळी ठेवलीत म्हणून एकही नर तिच्याजवळ गेला नाही. आजपासून तिला रोज मैदानावर सोडलं असतं, तर पिल्लं झाली असती, पण कुणाची ते देव जाणे.”

काकूंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. “म्हणजे न्हाऊ घालायचं ते झाल्यावर नाही?”

“न्हाऊ घालायला हरकत नाही. संपलं असं समजायचं नाही.”

टिनेकेबाईंना फोन केला. पलीकडून नुसतं “झो.” डच माणसाचा ‘झो’ म्हणजे हायसं वाटलं, आता कामाला लागू.

आता नराचा प्रश्न. तो फ्रिसलंडमध्ये, आणि त्याचा मालक शनिवारी कॅराव्हॅन जोडून कुत्र्यासकट फ्रान्सला निघणार. गुरुवारी या म्हणाला, गुरुवार मोकळा आहे. गुरुवारी सकाळी मी पुन्हा रक्त घेतलं, तर बीज आत्ता बाहेर पडत होतं, म्हणजे पिकणार शनिवारी. अमेय म्हणाला, “डॉक्टर, गुरुवारच घेऊ या ना, स्लॉट कन्फर्म्ड आहे. नंतर तो फ्रान्समध्ये असेल.” सायलीही तेच म्हणाली. नराचं बीज थोडे दिवस टिकतं, तेव्हा गुरुवार अगदीच वाया गेला असता असं नाही. पण त्या नराचंही वय झालं होतं आणि म्हाताऱ्या नराच्या बीजावर मी तेवढी मदार ठेवत नाही. शिवाय मी जाईच्या शेपटीच्या मुळाशी हात ठेवून बघितलं. तयार कुत्री लगेच शेपूट बाजूला घेते. जाई गुरगुरून खाली बसली. निकाल आकड्यात आणि शेपटीत एकच लागला. मी म्हटलं, शनिवार. टिनेकेबाई म्हणाल्या, सुनंदा म्हणते तर शनिवार. आणि ते घराणं असं माझ्या शब्दावर येऊन बसलं. त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

नराचा मालक सुट्टी पुढे ढकलायला तयार नव्हता, पण माणूस वाईट नव्हता. त्याचा पहिला मुक्काम ब्रेडाच्या अलीकडे एका शेतावरच्या कॅम्पिंगवर होता. म्हणाला, तिथे या, दुपारी कॉफीच्या वेळी. आपल्याकडे मुलाकडचे आणि मुलीकडचे मधल्या गावी कार्यालय घेतात, त्यातलाच प्रकार. एका गाडीत सायली-अमेय आणि जाई, दुसरीत टिनेकेबाई आणि मी. जाई काकूंशिवाय गाडीत चढेना. बारा दिवस मागच्या दाराशी दुरून खाणं सरकवणाऱ्या बाईचाच तिला लळा लागला होता. म्हणून काकूही.

मालकाने गवतावर खुर्च्या मांडल्या, कॉफी दिली. जाई पट्ट्याला ओढ देत नराकडे गेली, त्याला हुंगलं, उभी राहिली, आणि शेपूट अशी बाजूला घेतली की टिनेकेबाईंनी माझा दंड दाबला. काकूंनी आपली खुर्ची उचलून पलीकडे तोंड करून ठेवली आणि शेतातल्या मक्याबद्दल बोलायला लागल्या. कुत्री समागमानंतर बराच वेळ एकमेकांना जोडलेली राहतात, त्यांना ओढायचं नसतं, नुसतं थांबायचं. आम्ही थांबलो. तेवढ्या वेळात काकूंनी मराठीत आणि टिनेकेबाईंनी डचमध्ये एकमेकींना बरंच काही सांगितलं. मी भाषांतर करायला गेले तर दोघींनी मला गप्प बसवलं.

सोनोग्राफीत चार ठोके दिसले तेव्हा टिनेकेबाईंनी ते स्क्रीनवर बोट ठेवून पुन्हा मोजले. काकूंचा व्हिसा संपत आला होता. जायच्या आधी त्यांनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करून पोल्डरमध्ये नेले. मला वास आला म्हणून बरं. बेदाणे आणि जायफळ कुत्र्याला विष आहेत. काकू पुन्हा रडवेल्या झाल्या. टिनेकेबाईंनी डबा ओढून घेतला, एक लाडू खाल्ला, मग दुसरा, आणि म्हणाल्या की गुडघ्यांना चांगलं वाटतंय. जाई माहेरी सुखरूप बाळंत झाली. चार पिल्लं, त्यांतल्या दोन माद्या. टिनेकेबाईंनी एकीला उचलून तिचं नाक उजेडाकडे धरलं. मी खिडकीबाहेर बघितलं. 

पुढच्या वर्षी शरद ऋतूत मला एका सकाळी फोन आला. काकू परत आल्या होत्या. आवाज मोठा, मागे अमेय काहीतरी बोलतोय.

“डॉक्टर, पहिला दिवस आहे. आत्ताच दिसलं. आधी अमेयला सांगितलं, त्यानेच नंबर लावून दिला.”

मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण टिनेकेबाईंना जाईचं आणखी एक वेत हवं होतं आणि माझ्याशिवाय त्यांना कुणाचा भरवसा नव्हता. मी सायकल काढली आणि रायस्वाइकच्या त्यांच्या घरी गेले. नवरात्र होतं. स्वयंपाकघरात देव्हाऱ्यापुढे घट बसलेला, अखंड दिवा, झेंडूची माळ. मी सवयीने मागच्या दाराकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. जाईची चटई देव्हाऱ्याशेजारी भिंतीला लागून होती आणि जाई तिच्यावर पाय ताणून झोपली होती. चटईवर जुनं पांढरं लुगडं अंथरलेलं, म्हणजे रंग नीट दिसावा.

मी काकूंकडे बघितलं. त्या दिव्यात तेल घालत होत्या.

“तिथे हीटर आहे,” त्या म्हणाल्या. “मागच्या दाराशी फार गार लागतं हो.”

मी वाकून जाईला तपासायला लागले, आणि मिरजेची मागची खोली, सरकत येणारं ताट आणि ते धरणारा माझ्या आईचा हात डोळ्यांपुढे आला. तीही त्याच खोलीत बसली असणार, माझ्याआधी कितीतरी वर्षं. तिलाही गार लागलं असेल. हे मी तिला कधी विचारलं नाही.